बी.ए.ची पाटी

आमच्या दारावर एक लाकडी पाटी आहे. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, नवऱ्याचं नाव, आणि नावापुढे बी.ए. नवरा बी.ए. नाही. बाकीचे सगळे विषय सुटले होते, एकटं इंग्रजी राहिलं होतं. ती पाटी दारावर कशी लागली ते कुणी कधी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा तिथे रस्ते होते आणि माणसं नव्हती. आधी रुंद डांबरी रस्ते झाले, मग त्यांवर दिव्यांचे खांब लागले, इमारती मागून येणार होत्या. आमच्या सेक्टरात चार मजली घरांच्या दोन रांगा उभ्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे सानपाड्याच्या बाजूला दिवे जळत असायचे ते म्हशींसाठी. म्हशी रस्त्याच्या मधोमध बसायच्या, कारण खाजणाच्या चिखलापेक्षा डांबर कोरडं.

नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होता. आम्ही दोघंही परभणीकडचे. नवऱ्याच्या वस्तीत मॅट्रिकच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं. सासऱ्यांनी गावात कोतवालकी केली. तलाठ्याचं दप्तर डोक्यावरून गावोगाव नेलं, आणि त्या दप्तरात काय लिहिलंय ते त्यांना कधी वाचता आलं नाही. आपला मुलगा बी.ए. होणार हे त्यांनी गावात इतक्या आधीपासून सांगून ठेवलं होतं, की लोक गमतीने त्यांनाच बी.ए. म्हणू लागले होते.

नवरा नोकरी करून बाहेरून परीक्षा देत होता. पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा पेपर मागे ठेवून पुढची वर्षं देता येत होती. त्यांनी तशी दिली. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, सगळं एका दमात. पण इंग्रजी सुटल्याशिवाय पदवी हातात पडत नव्हती, आणि कारखान्यात पदवीशिवाय सुपरवायझर करत नव्हते. इंग्रजीला ते परत परत बसले आणि परत परत आपटले. आमच्या शाळेत इंग्रजी मराठीतून शिकवत. गुरुजी धडा वाचायचे, अर्थ सांगायचे, आम्ही अर्थ पाठ करायचो. वर्गात एक वाक्य इंग्रजीत बोललेलं मला आठवत नाही.

एकदा निकालानंतर ते जेवले नाहीत. ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागे गेले. मला समजूत घालता येत नाही. मी म्हटलं, "एकट्याने अभ्यास होत नाही. सोबत पाहिजे."

"सोबत कोण करणार? इथं सगळे आपापल्या शिफ्टला."

"मी."

"तू?"

"मी बारावी झालेय. पहिल्या वर्षाचा फॉर्म भरते. तुमचा जो पेपर राहिलाय तो माझ्याही पेपरांत असेल. एक पुस्तक, दोघांचा अभ्यास."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मी तो विषय सोडला नाही. फॉर्म भरला. एक अट मात्र मीच घातली, की कुणाला सांगायचं नाही. ना इमारतीत, ना गावी. मी नापास झाले तर काही बिघडत नव्हतं, पण नवरा-बायको एकाच पेपराला बसलेत हे कळलं असतं तर लोकांनी निकालाच्या दिवशी तराजूच आणला असता.

घरात अभ्यास होत नव्हता. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि मुलगी तेव्हा रांगणारी. दारं सगळ्यांची उघडी, कुणीही केव्हाही आत. म्हणून आम्ही रस्त्यावर जायला लागलो. दिवेलागणीला मुलीला समोरच्या वैनींकडे ठेवायची आणि सानपाड्याच्या बाजूला चालत जायचं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ते म्हणायचे, मी पुस्तकात बघायची. पुढच्या खांबापासून मी म्हणायची, ते बघायचे. दोन खांबांच्या मध्ये उजेड कमी असायचा. तिथे आम्ही दुसरं काहीतरी बोलायचो. डाळीचा भाव, मुलीचा दात, त्यांचा साहेब. लग्नाला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती, पण आम्ही एकमेकांशी खरं बोलायला लागलो ते त्या अंधाऱ्या तुकड्यांत.

समोरच्या वैनी कोकणातल्या, जिभेने तिखट. आम्ही निघालो की गॅलरीतून आवाज यायचा.

"चालले राजा-राणी. आमच्या ह्यांना सांगा जरा, आमाला पण कदी फिरवा म्हणावं."

आतून त्यांचे यजमान म्हणायचे, "तू बोलायची थांबशील तर नेईन."

दिवाळे गावची एक मासेवाली आमच्या सेक्टरात यायची. म्हातारी, पण टोपली डोक्यावर घेऊन ताठ चालायची. संध्याकाळी उरलेलं विकून परतताना ती आम्हाला रस्त्यात भेटायची. तिने एकदा मला बाजूला घेतलं.

"तुजा नवरा चालताना येकटाच काय बरबरतंय गो? बाहेरचं काय लागलं नाय ना? आमच्या गावान एक भगत हाय, चांगला बगतंय."

मी म्हटलं, "ते अभ्यास करतात, मावशी."

"येवढा दांडगा होऊन?" ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळून पाहिलं. "करू दे बाबा. पन गारीखाली येल, सांग त्याला."

रस्त्यावर गाडीच नव्हती. आम्ही दोघंही हसलो. त्या दिवशी पुढचे दोन खांब अभ्यास झाला नाही.

त्यांची अभ्यासाची पद्धत एकच, पाठांतर. गाइडातले निबंध ते शब्दन् शब्द पाठ करायचे. गावचा आठवडी बाजार, एक संस्मरणीय प्रवास, विज्ञानाचे फायदे-तोटे. बाजाराचा निबंध त्यांना इतका पाठ होता, की मधूनच कुठलंही वाक्य सांगितलं तरी पुढचं यायचं. मला पाठ होत नव्हतं. धुणं, भांडी, मूल यातून डोकं तेवढं रिकामं राहत नव्हतं. मी चार शब्दांची वाक्यं करायची. ती चुकायची, पण माझी असायची. ते मला बजावायचे, "असं स्वतःचं लिहू नको. नापास होशील. छापलेलं तेच बरोबर."

परीक्षेचं केंद्र ठाण्याला होतं. आम्ही एका बसने गेलो आणि वेगवेगळ्या वर्गांत बसलो. प्रश्नपत्रिकेत बाजार नव्हता, प्रवास नव्हता, विज्ञानही नव्हतं. 'माझा शेजार' असा काहीतरी निबंध होता. मी समोरच्या वैनींवर लिहिलं. त्या फार बोलतात, पण माझ्या मुलीला सांभाळतात. त्यांचा नवरा चांगला आहे. त्यांच्या घरी नेहमी माशांचा वास असतो. अशी वाक्यं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही काय लिहिलं?"

ते म्हणाले, "शेजारी बाजारला गेला असं केलं, आणि पुढे बाजार लिहिला."

बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. "पूर्ण लिहिला," असं आणखी एकदा म्हणाले.

निकालाच्या आठ दिवस आधी सासरे गावाहून आले. न कळवता. त्यांनी पटक्याच्या टोकात गावच्या मातीतले शेंगदाणे बांधून आणले होते आणि आल्या आल्या मला म्हणाले, "सूनबाई, यंदा म्या इथंच थांबतो निकालापस्तोर. तिकडं जीव ऱ्हात नाही."

आमच्या भिंतीवर एकच तसबीर होती. निळा कोट, हातात पुस्तक. ज्या घरांत ती असते त्यांना जास्त सांगावं लागत नाही. सासरे तिच्याखाली चटई टाकून बसायचे. नवरा कामावरून आला की ते त्याच्याकडे बघायचे आणि नवरा चपला काढायला खाली वाकायचा, तो बराच वेळ वाकलेलाच असायचा.

निकाल केंद्रावर फळ्यावर लागायचा. नवरा कारखान्यातून परस्पर ठाण्याला गेला. दोघांचे नंबर त्यालाच बघायचे होते. संध्याकाळी मी भात टाकत होते आणि दारात पावलं वाजली. वळून पाहिलं तर त्यांच्या एका हातात मिटलेली छत्री होती आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला अजून दिसतं. अभिमानाचं होतं, आणि त्यात त्यांचं स्वतःचं काहीही नव्हतं. मला लगेच कळलं. पेढे माझे होते. स्वतः आपटलेला माणूस बसच्या रांगेआधी मिठाईवाल्याकडे थांबला होता, बायको पास झाली म्हणून.

पण दारात माझ्याआधी सासरे उठले होते.

"सुटला का रं लेकरा?"

"आबा, जरा ऐका..."

आबांनी पुडा पाहिला होता. पेढे कशाचे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. घरातला पुरुष परीक्षेला बसला होता, निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आला होता, यात विचारायचं काय. त्यांनी पुडा हातातून घेतला, सुतळी सुटेना म्हणून दाताने तोडली, आणि पहिला पेढा तसबिरीसमोर ठेवला. मग हात जोडून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी त्या माणसाला बायको गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

"दप्तर वाह्यलं रं बाबा म्या," ते तसबिरीशी बोलत होते. "दुसऱ्याचं दप्तर वाह्यलं. आता माझं लेकरू शिकलं."

तेवढ्यात समोरच्या वैनी आत. "सुटले काय भावजी? मी म्हटलंच ह्यांना, पुडा दिसतोय हातात. सुटलात बाबा एकदाचे. वैनी, आता तुमची रोजची फेरी बंद हां, आता बसने न्यायला सांगा."

वरच्या मजल्यावरचे आले, खालचे आले. कुणी हात हातात घेतला, कुणी पाठीवर थाप मारली. नवरा मधोमध उभा होता, छत्री अजून हातात. ते माझ्याकडे बघत होते. मी सांगावं असं त्यांना वाटत होतं की मी सांगू नये असं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही. मी आबांच्या हातून पुडा घेतला आणि पेढे वाटायला लागले. आबांनी माझ्या तोंडात स्वतःच्या हाताने पेढा घातला. "खा पोरी. तुजा बी वाटा हाय ह्याच्यात. तू सांभाळलंस त्याला."

मी खाल्ला.

तोंडातला पेढा संपेपर्यंत काय करायला हवं होतं याचा मी आयुष्यात पुष्कळदा विचार केला आहे. आजही दुसरं काही सुचत नाही. आबा उभे होते, त्यांचे हात जोडलेले होते, आणि त्यांना कुणी सांगायचं?

त्या रात्री नवरा एवढंच म्हणाला, "उद्या सांगतो आबांना." दुसऱ्या दिवशी आबा पहाटेच्या गाडीने गावी निघाले. त्यांना थांबवतच नव्हतं. वस्तीला सांगायचं होतं.

नवरा म्हणाला, "पुढच्या वेळी सुटलो की झालं. मधले सहा महिने कुणाला कळणार आहेत?" ते बरोबर होतं. मी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला. पण फॉर्म भरायच्या आधी पाटी आली. गावचा एक मुलगा मुंबईला कामाला चालला होता, त्याच्या हाती आबांनी पाठवली. तालुक्याच्या पेंटरकडून करून घेतलेली, चार कोपऱ्यांना भोकं पाडलेली, सोबत कागदात चार स्क्रू. आणणारा मुलगा म्हणाला, "आबांनी सांगितलं, लावल्याबिगर येऊ नको." नवऱ्याने शेजारून स्क्रू-ड्रायव्हर मागून आणला आणि स्वतः पाटी लावली. मी खुर्ची धरली. मुलगा खालून म्हणाला, "दादा, डाव्या अंगाला जरा वर." त्यांनी डाव्या अंगाला जरा वर केली.

त्यानंतर रस्त्यावर जाऊन अभ्यास करता येईना. पास झालेला माणूस तेच पुस्तक घेऊन कशाला फिरेल? मी म्हटलं, पुस्तक नको, नुसतं तोंडी म्हणू. ते एकदा आले. पहिल्या खांबापाशी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. "काय बी.ए., आता एम.ए. का?" नवरा हसला, त्यांच्याशी चार शब्द बोलला, आणि तिथूनच आम्ही परत फिरलो. फॉर्मची तारीख गेली. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कशाला? पास झालोय ना मी." थट्टेने म्हणाले. मग कांदा चिरत होते तो चिरत राहिले.

फिरणंही बंद झालं. दिवेलागणीला मी दारात उभी राहायची आणि ते पेपर वाचत असायचे. पेपर वाचून झाला तरी तो समोर धरून ठेवायचे. एक दिवस मासेवाली जिन्यात भेटली.

"आता कं नाय जात फिराला? भांडलाव काय?"

"नाही मावशी. पास झाले ते."

"मग पास झाला म्हून बायकोला घेवन फिराचं नाय, असं हाय काय?" ती म्हणाली आणि बोंबिलांचा वाटा माझ्या ताटात टाकून पुढे गेली.

कारखान्यात खोटं चालत नव्हतं. तिथे ते नापासच होते. सुपरवायझरच्या जागेवर एक पोरगा आला. ते मला जेवताना म्हणाले, "नवा साहेब आलाय. पोरगाय. चांगला आहे, मला काका म्हणतो." दिवसभर ते नापास असायचे, आणि संध्याकाळी जिना चढून आले की बी.ए. मधे फक्त जिना होता. त्या जिन्यात ते थांबून श्वास घेत. लोकांना वाटायचं, दम लागतो.

आबा गेले तेव्हा आम्ही गावी गेलो. वस्तीतल्या प्रत्येकाने नवऱ्याला सांगितलं, की म्हातारा शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत होता, आमचा बी.ए., आमचा बी.ए. परत आल्यावर थोडे दिवस जाऊ दिले आणि मी फॉर्म पुन्हा आणला. मला वाटलं, आता अडवायला कुणी नाही. आता पाटी काढू, परीक्षा देऊ, सुटले तर पुन्हा लावू. हिशेब सरळ होता.

मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, नीट घडी केली आणि मला परत दिला.

"आता कुणाला दाखवायचं?"

"तुम्हाला सुपरवायझर..."

"ते नको बोलू." आवाज चढला नव्हता. "तू दे पुढची परीक्षा. तुझं पहिलं वर्ष वाया घालवू नको. मी पेढे आणले होते ते तुझे होते."

त्या एका वेळेखेरीज तो विषय त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

मी परीक्षा दिल्या. आता उघडपणे, दारात बसून, मांडीवर पुस्तक घेऊन. लोक म्हणाले, बी.ए. नवरा घरात, शिकवणी फुकट. समोरच्या वैनी म्हणाल्या, "भावजींनी बायकोला पण शिकवली, असा नवरा मिळायला नशीब लागतं." ते खरंच होतं, म्हणून मी हो म्हटलं. पदवी मिळाली त्या दिवशी ते घरात होते. "पेढे आणू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नको. मुलीला खोकला आहे." त्यांनी पायात घातलेल्या चपला परत काढून ठेवल्या. पुढे मला त्या पदवीवर बेलापूरला एका कचेरीत नोकरी लागली. आता पगार माझा त्यांच्यापेक्षा जास्त आहे. तो मी त्यांच्याच हातात देते आणि ते तो न मोजता कपाटात ठेवतात.

आमच्या रस्त्यावर आता इमारती आहेत. खांब तेच, पण उजेड दुकानांचा जास्त. दोन खांबांच्या मध्ये अंधार म्हणून राहिला नाही.

मुलगी शाळेत जाते, इंग्रजी पाचवीपासून आहे तिला. परवा ती निबंध पाठ करत होती. गावचा आठवडी बाजार. गाइड नवं, पण निबंध जुनाच, छापणाऱ्यांनी एक अक्षर बदललं नव्हतं. मी भाकरी थापत होते. मुलगी एका वाक्यापाशी अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकली.

गॅलरीत ते शर्टाला बटण शिवत बसले होते. तिथूनच, मान वर न करता, त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं. मग त्याच्या पुढचं. बांगड्यावाला, गुऱ्हाळ, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, संध्याकाळी घरी परतणारी माणसं. शेवटच्या ओळीपर्यंत. एकही शब्द चुकला नाही. मुलगी बोट ठेवून पुस्तकात बघत होती, आणि मी हातातली भाकरी तशीच धरून उभी होते. पुस्तकात मी बघायची, तसं ती बघत होती.

"आई, पप्पांना सगळं कसं काय पाठ?"

मी भाकरी तव्यावर टाकली.

"पप्पा बी.ए. आहेत ना," मी म्हटलं. "दारावर लिहिलंय बघ."

गॅलरीत ते पुन्हा सुईत दोरा ओवायला लागले होते. दोरा जात नव्हता. मी गेले नाही. थोड्या वेळाने मुलगी उठली आणि तिने ओवून दिला.